हिशेबाबाहेरचे जीव

आज २२ मार्च, जागतिक जलदिन. १९९३ पासून पाळला जाणारा हा दिवस महाराष्ट्रात नेमका विहिरींचे तळ दिसू लागतात त्या सुमारास येतो. शिमगा बहुधा झालेला असतो, ऊन चढू लागलेले असते, तहसील कचेऱ्यांत टँकरचे प्रस्ताव जमू लागतात आणि धरणांतल्या साठ्याचे टक्के रोजच्या बातम्यांत जागा धरून बसतात. आज शाळांतून जलप्रतिज्ञा होतील, कार्यालयांत भाषणे होतील, पाणी जपून वापरा असे फलक लागतील. हे सगळे झालेच पाहिजे. पण या सगळ्या बोलण्यात पाणी म्हणजे आपल्या वाट्याला येणारा साठा, एवढाच अर्थ गृहीत धरलेला असतो. जमिनीखालच्या त्या पाण्यात कोणी राहते, आपल्या आधीपासून राहते आणि ते पाणी गेले तर त्यांना दुसरीकडे जायला वाट नाही, ही गोष्ट जलदिनाच्या व्यासपीठावर क्वचितच निघते. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ च्या जलदिनासाठी भूजल हाच विषय घेतला होता आणि जे दिसत नाही ते दिसू द्या, असे आवाहन केले होते. त्या आवाहनातही मुख्य चिंता माणसाच्या तहानेची होती. आजचा अग्रलेख भूजलात आणि गुहांतल्या गोड्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांविषयी आहे.

सुरुवात मुंबईपासून करता येते, हे अनेकांना ठाऊक नसेल. जोगेश्वरीत अंध व्यक्तींसाठीच्या एका संस्थेच्या आवारात जुनी खोल विहीर आहे. तिच्यात सापडलेल्या एका माशाला २०२२ साली शास्त्रीय नाव मिळाले, रक्तमिक्थिस मुंबा. मुंबाआईवरून ठेवलेले हे नाव. मासा दिसायला वामीसारखा लांबट, पण वामीच्या कुळाशी त्याचे जवळचे नाते नाही. डोळे नाहीत, पर जवळजवळ नाहीत, कातडीत रंग नाही, म्हणून आतल्या रक्ताचा लालसरपणा बाहेर दिसतो. महाराष्ट्रात आणि उत्तर सह्याद्रीत जमिनीखालच्या गोड्या पाण्यात राहणारा, पूर्णपणे दृष्टिहीन असा मासा त्यापूर्वी नोंदला गेलेला नव्हता. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कोट्यवधी माणसांच्या पायाखाली, लोकलचे रूळ, नाले, इमारतींचे पाये यांच्याही खाली हा जीव टिकून राहिला आहे.

मुंबईच्या विहिरींचा इतिहास आठवला की या टिकून राहण्याची किंमत कळते. शहरातल्या हिवतापाचा अभ्यास करून डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला. विहिरींत वाढणारे डास हे रोगाचे मोठे कारण आहे, असे त्यात होते. त्यानंतर शहरातल्या असंख्य विहिरी झाकल्या गेल्या किंवा बुजवल्या गेल्या. माणसे मरत होती, त्यामुळे त्या निर्णयाला दोष देता येणार नाही. पण विहीर बुजवताना प्रश्न फक्त डासांचा होता, तळाशी कोण आहे हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. आज ते कारण आहे. जोगेश्वरीच्या विहिरीने ते दिले आहे. तरीही उपनगरांत पुनर्विकासाची कामे निघतात तेव्हा आवारातली जुनी विहीर म्हणजे आराखड्यातली अडचण समजली जाते आणि तळघरांसाठी खोल खणताना दिवसरात्र पंप लावून भूजल गटारात सोडले जाते. त्या पाण्यात जाळे धरावे असे कोणत्याही परवानगीच्या अटीत नसते.

या विषयावर देशात सर्वांत अधिक काम झाले ते केरळमध्ये. तिथे जवळजवळ घरटी विहीर असते आणि राज्याच्या मोठ्या पट्ट्यात ती जांभ्यात खणलेली असते. आपल्या कोकणात घरांचे चिरे ज्या खडकातून काढतात, तोच हा जांभा. वरून कठीण दिसणारा हा खडक आतून छिद्रे आणि बारीक पोकळ्यांनी भरलेला असतो. पाऊस त्यात मुरतो आणि खाली भूजलाचे जाळे तयार होते. या जाळ्यात मासे राहतात. १९५० साली कोट्टायमच्या विहिरीतून मिळालेल्या एका मार्जारमीनाचे, म्हणजे मिशा असलेल्या माशाचे, वर्णन ए. जी. के. मेनन यांनी केले. भारतीय मत्स्यविज्ञानाचे अध्वर्यू सुंदरलाल होरा यांच्या नावावरून त्याला होराग्लॅनिस हे नाव मिळाले. त्याच वंशातली दुसरी जात २००४ साली आणि तिसरी २०१२ साली नोंदली गेली. तिसरीला अब्दुल कलाम यांचे नाव आहे. चौथी जात २०२३ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे नाव होराग्लॅनिस पोप्युली, लोकांची म्हणून पोप्युली.

हे नाव उगाच दिलेले नाही. राजीव राघवन, राल्फ ब्रिट्झ, पुण्याच्या संशोधनविश्वात वाढलेले नीलेश डहाणूकर आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी सहा वर्षे हा शोध घेतला. हे मासे शोधायला जाऊन सापडत नाहीत. विहीर नव्याने खणताना किंवा उन्हाळ्यात गाळ काढताना एखादा वर येतो. मग तो कोणाच्या तरी बादलीत, कळशीत किंवा नळाच्या तोटीखाली दिसतो. म्हणून संशोधकांनी गावोगाव लोकांना सांगून ठेवले की असे काही दिसले तर फेकू नका, फोटो काढा, कळवा. लोकांनी कळवले. शाळकरी मुलांनी, गृहिणींनी, विहिरीत उतरणाऱ्या मजुरांनी कळवले. त्यातून या वंशाची ४७ नवी ठिकाणे नकाशावर आली. हाती आलेला मासा करंगळीएवढाही भरत नाही. अंग गुलाबी, कातडी इतकी पातळ की आतले अवयव दिसावेत, डोळ्यांच्या जागी काही नाही, तोंडाभोवती मिशा. चारही जाती शेजारी शेजारी ठेवल्या तर बाहेरून वेगळ्या ओळखणे कठीण. पण जनुके तपासली तर त्यांच्यातले अंतर सात टक्क्यांहून अधिक निघते, म्हणजे या वंशाच्या शाखा फार जुन्या काळी एकमेकींपासून तुटलेल्या आहेत. अंधाराने त्यांना बाहेरून एकसारखे ठेवले आणि खडकाने आतून वेगळे केले.

याच प्रदेशातून बाकीचेही आले. शेवेसारखा बारीक म्हणून पॅन्जिओ भुजिया हे नाव मिळालेला मासा २०१९ साली कोझिकोड जिल्ह्यातल्या विहिरीतून वर्णिला गेला. त्याला पाठीवरचा पर नाही आणि पोटाकडचेही नाहीत. २०२२ सालच्या पॅन्जिओ पाताल या जातीची गोष्ट अशी की, चेंगन्नूरच्या एका घरात विहिरीतून टाकीत चढवलेले पाणी नळाने बादलीत आले आणि त्यात लाल दोऱ्यासारखे काही वळवळताना घरच्या माणसांना दिसले. त्यांनी ते ओतून टाकले नाही. २०१८ च्या महापुरानंतर मलप्पुरम जिल्ह्यात भाताच्या खाचरात एक विचित्र लांबट मासा वाहून आला. कोणीतरी त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकला आणि तज्ज्ञांची झोप उडाली. तो एनिग्माचन्ना गोलम. आपल्या मरळीचा दूरचा भाऊबंद, पण इतका दूरचा की २०२० साली त्याच्यासाठी स्वतंत्र कुळच स्थापावे लागले. मरळीच्या कुळापासून त्याने फारकत घेतली त्याला जनुकांच्या एका गणिताने तीन कोटींहून अधिक वर्षे झाली, दुसऱ्या गणिताने दहा कोटींहून अधिक. दुसरे गणित खरे धरले तर हिमालय त्यानंतर पुष्कळ काळाने जन्माला आला. असे जुने घराणे एका पुराने वर आणून दाखवेपर्यंत आपल्याला ठाऊक नव्हते. आपण त्याच्या डोक्यावर भात लावत होतो, त्याच्याच पाण्यावर जगत होतो.

हे प्राणी जगतात कसे? जमिनीखाली ऊन नाही, त्यामुळे शेवाळ नाही, वनस्पती नाही. अन्न म्हणून जे मिळायचे ते बहुतांशी वरूनच यायला हवे. पावसाच्या पाण्याबरोबर झिरपलेला पाचोळ्याचा अर्क, झाडांच्या मुळांचे कुजलेले तुकडे, गुहा असेल तर वटवाघळांची विष्ठा, पुरात आत आलेला काडीकचरा. या सगळ्यावर जिवाणू वाढतात आणि खडकाच्या भेगांवर त्यांचा बुळबुळीत थर धरतो. डोळ्यांना जेमतेम दिसतील असे झिंग्यांच्या नात्यातले कवचधारी जीव तो थर खातात आणि त्या जिवांवर मासे जगतात. एवढ्या काटकसरीच्या घरात डोळा हा महागडा अवयव आहे. तो घडवायला आणि चालवायला ऊर्जा लागते आणि अंधारात त्याचा उपयोग शून्य. पिढ्यान्पिढ्या तो लहान होत जातो, पुढे उरतच नाही. रंगद्रव्याचेही तेच. त्याऐवजी स्पर्शाची, वासाची, पाण्यातल्या हालचालीची जाण तीव्र होते.

या काटकसरीची दुसरी बाजू अशी की आयुष्य संथ होते. युरोपात स्लोव्हेनियापासून बोस्नियापर्यंतच्या चुनखडीच्या गुहांत ओल्म नावाचा फिकट, डोळे कातडीखाली गेलेला उभयचर राहतो. गुहेतल्या प्राण्यांत त्याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. तो वयात यायला सुमारे पंधरा वर्षे घेतो, मादी सरासरी साडेबारा वर्षांतून एकदा अंडी घालते आणि त्याचे आयुष्य शंभर वर्षांपर्यंत जाऊ शकते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बोस्नियातल्या एका गुहेत खुणा करून ठेवलेल्या ओल्मांवर पाणबुड्या संशोधकांनी अनेक वर्षे लक्ष ठेवले. त्यांतला एक २,५६९ दिवसांनी पाहिला तेव्हाही त्याच जागी होता. म्हणजे सात वर्षे. अशा प्राण्याच्या वस्तीवर एकदा घाला पडला तर ती भरून निघायला माणसाच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतील. स्लोव्हेनियातल्याच क्रुपा नदीच्या उगमावर तसा घाला पडलेला आहे. एका कारखान्याने विजेच्या उपकरणांत वापरले जाणारे विषारी तेलकट रसायन वर्षानुवर्षे जमिनीतल्या विवरांत सोडले. ते चुनखडीतून थेट भूजलात गेले. १९८० च्या दशकात हे उघड झाले, कारखान्याने वापर थांबवला, पण ते रसायन आजही त्या पाण्यातून आणि त्यातल्या ओल्मांच्या शरीरातून पुरते गेलेले नाही. वरची नदी पुराने धुऊन निघते. खालच्या पाण्याला तशी सोय नाही.

आपल्याकडे चुनखडीच्या गुहांचे सर्वांत मोठे दालन मेघालयात आहे. खासी भाषेत गुहेला क्रेम म्हणतात. जयंतिया टेकड्यांतल्या क्रेम उम लादाव आणि क्रेम चिम्पे या गुहांत महसीरच्या नात्यातला एक पांढुरका मासा राहतो, ४० सेंटीमीटरहून लांब. जगात गुहेत राहणाऱ्या माशांच्या तीनशेच्या आसपास जाती माहीत आहेत, त्यांतला हा सर्वांत मोठा. २०२३ साली त्याला निओलिसोचिलस प्नार हे नाव मिळाले, तिथल्या प्नार लोकांवरून. एवढ्या कमी अन्नाच्या जागी एवढा मोठा मासा कसा पोसतो, हे कोडे अभ्यासकांना आजही खुणावते आहे. पण त्याच टेकड्यांत चुनखडी सिमेंटसाठी फोडली जाते आणि कोळशासाठी उंदराच्या बिळांसारखे बोगदे खणले जात होते. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये या बोगद्यांवर बंदी घातली. त्याआधीच खाणींतून झिरपणाऱ्या आम्लाने तिथल्या नद्यांची जी दशा झाली ती लुखा नदीच्या निळ्या पडणाऱ्या पाण्याने देशाने पाहिली. नदी निळी पडली तर तिचा फोटो निघतो. गुहेतले पाणी आम्लाचे झाले तर ते कळायला आत उतरणारा कोणीतरी लागतो.

छत्तीसगडमधल्या बस्तरची कोटमसर गुहा आपल्याला थोडी जवळची आहे. कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातल्या या गुहेचा अभ्यास गेल्या शतकाच्या मध्यावर शंकर तिवारी यांनी सुरू केला. तिथल्या साचलेल्या पाण्यात लहानखुरी मासळी राहते, रंग फिका, डोळे बारीक झालेले. ती ज्या जातीत गणली जाते, तिचे पहिले वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याहून मिळालेल्या माशांवरून केले होते. मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या उजेडातल्या ओढ्यांत राहणारी जात आणि बस्तरच्या अंधारात उतरलेले तिचे भाऊबंद, अशी ही जोडी. अंधारात जाण्याची वाट अजून अर्धीच चाललेले हे मासे उत्क्रांतीच्या अभ्यासकाला चालू धडा शिकवतात. आज पुण्यातले ओढे सिमेंटच्या नळ्यांत कोंबले जात आहेत आणि बस्तरमध्ये पर्यटकांची रांग लागते. दोन्हीकडे एकाच घराण्याची परीक्षा चालू आहे. कोटमसरला पावसाळ्यात गुहा बंद असते, ती पाणी भरते म्हणून. त्या बंद महिन्यांचा लाभ माशांना मिळतो. पर्यटनाच्या हंगामातही काही दिवस गुहेला पूर्ण विसावा द्यायला हवा, दिव्यांची संख्या आणि आत जाणाऱ्यांची संख्या ठरवायला हवी. गुहेत दिवा सतत जळत राहिला की भिंतीवर शेवाळ धरते आणि आतली सगळी घडी विस्कटते, हे जगभरच्या पर्यटन गुहांनी दाखवून दिलेले आहे.

मासे डोळ्यांत भरतात, पण भूजलातली बहुसंख्य वस्ती त्यांच्याहून पुष्कळ लहान आहे. काशीच्या विहिरींतून १९५० साली निकोल्सिया नावाचा डोळे नसलेला कवचधारी वर्णिला गेला. त्याचे सगेसोयरे ऑस्ट्रेलियात आहेत, कारण हे घराणे भूखंड फुटण्याआधीचे. आंध्रात आचार्य नागार्जुन विद्यापीठाचे वाय. रंगा रेड्डी यांनी कृष्णा-गोदावरीच्या काठची वाळू, विहिरी, बोअर यांतले पाणी गाळून एक-दोन मिलिमीटरच्या कित्येक नव्या जाती जगापुढे मांडल्या. त्यांच्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. बारीक जाळे, बाटली, सूक्ष्मदर्शक आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागली. हे जीव खडकाच्या छिद्रांतला जिवाणूंचा थर खातात, छिद्रे मोकळी राहतात, पाण्यातला सेंद्रिय मळ कमी होतो. आपण जे पाणी निर्मळ म्हणून विहिरीतून काढतो, त्याच्या निर्मळपणात त्यांचाही हात आहे. पण त्यांचा उपयोग सिद्ध झाला तरच ते वाचवावेत, अशी आमची भूमिका नाही. कोट्यवधी वर्षे चालत आलेले जगणे आपल्या एका पंपाने संपवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा साधा प्रश्न आहे.

कायद्याने दिला, असे उत्तर कोणी देईल. १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीचा मालक तो तिच्याखालच्या पाण्याचा मालक, ही समजूत आपल्याकडे रुजली. महाराष्ट्राने भूजलासाठी २००९ सालचा स्वतंत्र अधिनियम केला, खोल विहिरींवर मर्यादा घातली, पाणलोट पातळीवर नियोजन सांगितले. हे पुढचे पाऊल होते, पण तिथेही पाणी म्हणजे साधन, एवढीच कल्पना आहे. केंद्राच्या २०२४ च्या मूल्यांकनानुसार देशात वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते. जगात एवढा उपसा दुसरा कोणताच देश करीत नाही. या मूल्यांकनाच्या पद्धतीत पुनर्भरणाचा पाच ते दहा टक्के भाग नैसर्गिक विसर्गासाठी, म्हणजे झरे आणि नद्यांसाठी, बाजूला काढतात. चांगली सोय आहे. पण खडकाच्या आत राहणाऱ्यांसाठी किती पाणी, कोणत्या पातळीपर्यंत राहिले पाहिजे, असा रकानाच त्या तक्त्यात नाही. त्यामुळे एखादे पाणलोट क्षेत्र 'सुरक्षित' श्रेणीत आले तरी वरच्या थरातला जांभा कोरडा पडून तिथली वस्ती संपलेली असू शकते.

माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माशांचे काय घेऊन बसलात, असा प्रश्न येणारच. तो रास्त आहे, आणि दुष्काळी तालुक्यातल्या माणसाने विचारला तर त्याला मान खाली घालूनच उत्तर द्यायला हवे. पण जे या माशांना मारते तेच आपली विहीर आटवते. दोनशे-तीनशे मीटर खाली जाणारे बोअर, सड्यांवरचा जांभा कापून नेणाऱ्या चिरेखाणी, शेतातून झिरपणारे नायट्रेट, गावाच्या सांडपाण्याचे शोषखड्डे पाण्याच्या विहिरीला खेटून. कोकणात सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो आणि उताराला झरा होऊन निघतो. ज्या गावावर चिरेखाणी वाढल्या त्या गावचे जुने लोक कोणता झरा कधी आटला ते सांगतात. त्यांची तहान आणि खडकातल्या जिवांची तहान यांत भांडण नाही.

जिथे खरोखर ओढाताण आहे, तिथे थोडे तारतम्य पुरते. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, ती टाकलीच पाहिजे, कारण गॅस्ट्रोची साथ कोणाला नको. पण ती पाण्याचा अंदाज घेऊन, ठरलेल्या प्रमाणात टाकायची, पोतेच्या पोते ओतायचे नाही. डासांसाठी गप्पी मासे सोडतात. ते हौदात, टाकीत, बांधकामाच्या डबक्यात सोडावेत. जिवंत झऱ्याच्या विहिरीत परका, खादाड मासा सोडला तर तो आधी तिथले बारीक जीव फस्त करील. हिवताप विभागाने एवढी सूचना आपल्या कर्मचाऱ्यांना दिली तर पैसाही लागणार नाही.

संरक्षणाचा एक नमुना आपल्या राज्यातच आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदी गुहेतून उगम पावते आणि महादेवाच्या देवळासमोरच्या कुंडात येते. त्या पाण्यातल्या एका छोट्या माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी. हा मासा उजेडातला आहे, गुहेतला नव्हे, पण तो ज्या पाण्यावर जगतो ते गुहेतून येते. राज्य सरकारने २०२१ साली देवळाच्या परिसरातले २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. भाविकांनी पिढ्यान्पिढ्या त्या कुंडात मासेमारी होऊ दिली नव्हती, त्या श्रद्धेला कायद्याची जोड मिळाली. जोगेश्वरीच्या विहिरीला असेच संरक्षण का मिळू नये? एका विहिरीसाठी हेक्टरच्या हेक्टर लागत नाहीत. आवारात खोल खणायचे नाही, सांडपाण्याची वाहिनी विहिरीजवळून न्यायची नाही, उपसा मर्यादेत ठेवायचा, आणि आसपासच्या जुन्या विहिरी पुनर्विकासात बुजवण्याआधी तपासायच्या, एवढ्याने पुष्कळ साधेल. महापालिकेने बांधकाम परवानगीच्या अटींत ही तपासणी घालावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या विहिरींचा केरळच्या धर्तीवर शोध घेण्याची वेळ तर केव्हाच आली आहे. खडक तोच, पाऊस तसाच, विहिरी तशाच. येत्या एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव गाळ काढण्याची कामे निघतील. विहिरीत उतरणाऱ्या गड्यांना आधी सांगून ठेवले, गाळ काठावर ओतल्यावर पाच मिनिटे पाहिला, लालसर किंवा पांढरा, डोळे नसलेला मासा, वळवळणारा दोरा, झिंग्यासारखा पारदर्शक जीव दिसला तर तो त्याच विहिरीच्या पाण्यात, झाकलेल्या सावलीतल्या बादलीत ठेवला, मोबाइलवर फोटो काढला आणि नंतर परत सोडला, तर केरळात जे झाले ते इथेही होऊ शकते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावागावांत समित्या आहेत, लोकजैवविविधता नोंदवह्याही आहेत. त्यांत झाडांची, पिकांची, पक्ष्यांची पाने भरलेली असतात. विहिरीतल्या जिवांसाठी एक पान उघडायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

सरकारी यंत्रणेकडे तर याहून मोठे साधन तयार आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात काम करते आहे. तिच्या हजारो निरीक्षण विहिरी आहेत आणि वर्षातून चार वेळा माणूस तिथे जाऊन पाण्याची पातळी मोजतो. जिथे टेप सोडतो तिथेच वजन लावलेले बारीक जाळे तळापर्यंत सोडून हळूहळू वर ओढायचे आणि त्यात आलेले पाणी बाटलीत भरायचे, एवढेच काम वाढेल. युरोपातले अभ्यासक अनेक दशके असेच करत आले आहेत. मे महिन्याच्या मोजणीला अजून दीड महिना आहे. तेवढ्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दहा निरीक्षण विहिरी निवडता येतील, जाळी शिवून घेता येतील आणि बाटल्या उघडून पाहण्यासाठी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला पत्र पाठवता येईल. ते पत्र याच आठवड्यात निघावे.